घरबसल्या गडफेरी: तुम्ही सारखे विचारता ते प्रश्न आणि आमची लांबलचक उत्तरं

पावसाळ्यात दर रविवारी संध्याकाळी सात वाजता आणि बाकी वर्षभर महिन्यातून दोनदा आम्ही पाच-सहा मित्रमैत्रिणी मिळून झूमवर किल्ले, लेणी, जुने वाडे, म्युझियम असं काय काय दाखवतो. २०२० च्या लॉकडाउनमध्ये सुरू केलं होतं, वाटलं होतं दोन महिने चालेल, अजून चालूच आहे. व्हॉट्सॲपवर तेच तेच प्रश्न येतात आणि प्रत्येकाला वेगळं उत्तर टाइप करून अंगठे दुखायला लागलेत, म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतोय.

यात नेमकं असतं काय? स्लाइड शो का?

स्लाइड असतात पण नुसत्या स्लाइड नसतात. आधी गूगल अर्थवरून जागा आकाशातून बघायची, डोंगराची सोंड कुठे, पाणी कुठे, वाट कुठून येते, मग आम्ही स्वतः काढलेले फोटो आणि ३६० अंशातली दृश्यं, जुने नकाशे किंवा स्केच मिळाली तर ती, आणि शेवटचा अर्धा तास गप्पा. एकूण दीड तास, कधी दोन.

एक गोष्ट मात्र पहिल्यापासून ठरलेली आहे. "संपूर्ण रायगड एका तासात" वगैरे आम्ही करत नाही. एका रविवारी फार तर गडाचा एखादा कोपरा. रायगडावर जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर कोरलेलं आहे ना, "सेवेचे ठायी तत्पर हिराजी इंदुलकर", त्या एका पायरीवर आम्ही चाळीस मिनिटं थांबलो होतो. गड बांधणाऱ्या माणसाचं नाव पायरीवर का, भिंतीवर मोठा शिलालेख आहेच की, मग हे वेगळं खाली का, अक्षरं किती झिजलीत, कुणी आडनाव इंदुलकर वाचतं कुणी इटळकर, ते असं का होतं. महाराज देवळात येताना त्यांच्या पायाची धूळ आपल्या नावावर पडावी म्हणून हिराजींनी तिथे कोरून घेतलं असं गडावर सांगतात, ते आम्हीही सांगतो, पण सांगताना "असं सांगतात" हे शब्द गाळत नाही. गडावर गेलेल्या निम्म्या लोकांनी ती पायरी बघितलेलीच नसते, सेल्फी काढायच्या गडबडीत वरून चालत गेलेले असतात. मी पण पहिल्या दोन वेळेला गेलो होतो.

यूट्यूबवर ढिगाने व्हिडिओ आहेत. मग तुमच्याकडे कशाला?

नका येऊ, खरंच. व्हिडिओ बघून समाधान होत असेल तर तेच बघा, त्यातले काही आमच्यापेक्षा चांगले आहेत. आमच्याकडे फरक एवढाच की मध्येच "थांबा थांबा, ते मागे घ्या, ते काय दिसतंय कोपऱ्यात?" असं म्हणता येतं. आणि बऱ्याचदा कोपऱ्यातलंच जास्त भारी निघतं.

पण प्रत्यक्ष जाण्याची सर येते का?

नाही. संपलं उत्तर.

बरं थोडं अजून. पाय दुखत नाहीत, घाम येत नाही, टाक्यातलं गार पाणी नाही, पिठलं-भाकरी नाही, मग कसली सर येणार. पण काही गोष्टी स्क्रीनवर जास्त चांगल्या दिसतात हेही खरंय. अजिंठ्याचं घ्या. एक नंबरच्या लेण्यात पद्मपाणी बोधिसत्त्वाचं चित्र बघायला गेलात तर आत उजेड मंद (रंग टिकावेत म्हणून, बरोबरच आहे), फ्लॅशला बंदी, मागे रांग, आणि डोळ्यांना अंधाराची सवय होईपर्यंत पुढे व्हायची वेळ येते. तेच चांगल्या फोटोत झूम करून बघितलं की हातातलं निळं कमळ, मुकुटाचं बारीक काम, आणि जिथे गिलावा पडलाय तिथे खालचे मातीचे थर, सगळं निवांत बघता येतं. तो गिलावा म्हणजे माती, भाताचं तूस, वनस्पतींचे धागे असलं मिश्रण, वर चुन्याचा पातळ हात, आणि त्यावर सुकल्यानंतर रंग. हे सांगितल्यावर आमच्या एक ताई म्हणाल्या अगं बाई म्हणजे आमच्या गावच्या घराच्या भिंतीसारखंच की. हो, जवळजवळ तसंच.

दुसरं म्हणजे वेरूळचं कैलास. खाली अंगणात उभं राहिलात की मान मोडेपर्यंत वर बघायचं, पण मंडपाच्या छतावर कोरलेलं भलंमोठं कमळ आणि त्यावरचे चार सिंह खालून दिसतच नाहीत, त्यासाठी मागच्या डोंगरावर चढून वरून बघावं लागतं. वरून बघितलं की कळतं हे देऊळ बांधलेलं नाही, डोंगर वरून खाली तासत आणलेलं आहे, शिखर आधी आणि पाया शेवटी. आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं काम. आमच्या टूरमध्ये आम्ही वरूनच सुरुवात करतो.

(जायचंच असेल तर लक्षात ठेवा, अजिंठा सोमवारी बंद आणि वेरूळ मंगळवारी बंद. दोन्ही एकाच ट्रिपमध्ये करणारे दर वर्षी कुणीतरी फसतात.)

गडावरून लाइव्ह का नाही करत?

केलं होतं. एकदाच. राजगडावर, संजीवनी माचीवरून. घरी चाळीस लोक लिंकवर बसलेले आणि आम्ही तिकडे एक मोबाइल काठीला बांधून रेंज शोधत बुरुजाबुरुजावर फिरतोय. रेंज आली तेव्हा वारा सुटला, माइकमध्ये नुसतं घोंघोंघों, त्यातून मला ओरडून ओरडून दुहेरी तटबंदी समजावायची होती. तिकडे कुणीतरी अनम्यूट होतं तर त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या सगळ्यांना ऐकू येत होत्या. नंतर एका काकांनी मेसेज केला, "किल्ल्यावर कुकर कोण लावतं?" तेव्हापासून आधी शूट करतो, मग घरी बसून दाखवतो.

ड्रोनने शूट करा ना, मस्त दिसेल.

दिसेल हो. पण संरक्षित स्मारकावर परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही, आणि ती परवानगी आमच्यासारख्या हौशी लोकांना काढायची म्हणजे अर्ज, खेपा आणि वाट बघणं. कुणीतरी सांगतं "सकाळी लवकर उडवा, कोण बघतंय", तसलं आम्ही करत नाही. गूगल अर्थवर काम भागतं, आणि डोंगराच्या घड्या तर त्यात छानच कळतात.

आईबाबांना जमेल का? त्यांना झूम वगैरे येत नाही.

हा सगळा प्रकारच मुळात माझ्या बाबांमुळे सुरू झाला. तरुणपणी दर शनिवार-रविवार डोंगरात असायचे, नंतर गुडघे गेले, आणि लॉकडाउनमध्ये तर गॅलरीत बसून समोरच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी बघायची एवढंच उरलं. म्हणून मी एकदा लॅपटॉप टीव्हीला जोडून त्यांना राजगड दाखवला, माझे स्वतःचे फोटो होते. गुंजवण्याकडून चोरदरवाजाची वाट दाखवली तर म्हणाले, आम्ही इकडून नाही, पाली दरवाजाने चढायचो, तिकडे पायऱ्या रुंद आहेत, इकडे कशाला मरायला जायचं. मग पाली दरवाजा काढला. मग सुवेळा माचीचं नेढं, म्हणजे कातळातलं आरपार भोक, काढलं. त्यात बसून त्यांनी एकदा अख्खी दुपार काढली होती, आणि बरोबरच्या मित्राची चप्पल खाली पडली होती, ती गोष्ट मला चाळीस वर्षांत पहिल्यांदा कळली.

तर जमतं. मोबाइलवर दाखवू नका, टीव्हीवर लावून द्या. पहिल्या वेळेला शेजारी बसा, नाव बरोबर टाका (आमच्याकडे "गॅलेक्सी ए बारा" नावाच्या तीन आजी आहेत), आणि म्यूटचं बटण कुठलं ते दाखवून ठेवा. ऐकायला कमी येणाऱ्यांसाठी आम्ही महत्त्वाचे शब्द, नावं, सनावळ्या स्क्रीनवर मोठ्या अक्षरात टाकतो. ज्यांना बोलायचंय त्यांना मध्येच बोलू देतो, आठवणी सांगू देतो, वेळ गेला तर गेला.

आम्ही परदेशात आहोत, आमच्याकडे किती वाजता?

भारतातले संध्याकाळचे सात म्हणजे दुबईत साडेपाच, लंडनला उन्हाळ्यात दुपारचे अडीच, न्यू जर्सीकडे उन्हाळ्यात सकाळचे साडेनऊ, कॅलिफोर्नियात सकाळी साडेसहा (तरी चहाचा कप घेऊन सहा जण येतात, कमाल आहे). सिडनीवाल्यांना रात्री साडेअकरा पडतात, त्यांची आम्ही दर वेळी माफी मागतो. आणि नोव्हेंबरमध्ये तुमची घड्याळं मागे जातात, आमची जात नाहीत! अमेरिकेतले निम्मे लोक दर वर्षी त्या रविवारी तासभर उशिरा उगवतात आणि विचारतात अरे संपलं पण?

विजयदुर्गावर हेलियमचा शोध लागला, तुम्ही ते का नाही सांगितलं?

सांगितलं होतं. पहिल्या विजयदुर्गाच्या टूरमध्ये मीच अगदी छाती फुगवून सांगितलं होतं, की लॉकियर नावाच्या साहेबाने १८६८ चं ग्रहण विजयदुर्गावरून बघितलं आणि हेलियम सापडला. टूर संपल्यावर एका निवृत्त फिजिक्सच्या मॅडमचा फोन आला, रागावल्या नाहीत पण म्हणाल्या तारखा तपासा. तपासल्या.

भानगड अशी आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात जान्सन या फ्रेंच शास्त्रज्ञाने निरीक्षण केलं ते गुंटूरहून, म्हणजे आजच्या आंध्रातून. लॉकियर त्या वेळी इंग्लंडमध्ये होता, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथेच, ग्रहण नसताना, त्याने सूर्याच्या कडेचा वर्णपट (म्हणजे प्रकाशाचे सुटे केलेले रंग) बघितला. त्या रंगांतली हेलियमची पिवळी रेघ त्याच्या नावाशी जोडली जाते ती त्या कामामुळे. मग विजयदुर्ग यात आला कुठून? तर लॉकियर विजयदुर्गाला खरंच आला होता, पण तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. गडावर जे साहेबाचे कट्टे दाखवतात त्यांचा संबंध या दुसऱ्या ग्रहणाशी लागतो. दोन ग्रहणांची एक गोष्ट झाली आणि पाठ्यपुस्तकाच्या थाटात सगळीकडे फिरायला लागली.

मला स्वतःला खरी गोष्ट जास्त आवडते. हेलियमसाठी नाही पण सूर्यासाठी एक माणूस जहाजातून दुर्बिणी उतरवून मराठ्यांच्या आरमारी किल्ल्यात तळ ठोकतो, हे काय कमी आहे? पण गावातल्या माणसासमोर हे बोलताना जरा बेताने बोला.

शनिवारवाडा पूर्वी कसा होता त्याचं एआयने बनवलेलं चित्र पाठवतोय, दाखवाल का?

नाही दाखवणार. रागावू नका. शनिवारवाड्याचं बांधकाम १७३० ला सुरू झालं, १७३२ ला वास्तुशांत, आणि १८२८ च्या आगीत आतलं सगळं लाकूडकाम गेलं. उरलं काय तर तटबंदी, दरवाजे, जोती आणि कारंज्यांची हौदं. वरचे मजले नेमके कसे दिसत होते हे एआयला माहीत नाही, त्याने राजस्थानातला एखादा महाल उचलून त्यावर भगवा झेंडा लावलेला असतो, नीट बघा, खिडक्या जोधपूरच्या असतात. एकदा का ते चित्र डोक्यात बसलं की मग खऱ्या जोत्यावर उभं राहून पण माणसाला तेच दिसतं.

अभ्यास करून केलेलं थ्रीडी वेगळं. गुजरातेत पाटणची राणी की वाव ही पायऱ्यांची विहीर आहे ना, जांभळ्या शंभराच्या नोटेच्या मागे असते ती, तिचं २०११ मध्ये स्कॉटलंडच्या टीमने पुरातत्त्व खात्याबरोबर लेझरने स्कॅनिंग केलं. तिथे कल्पना काही नाही, आहे तो दगड तसाच्या तसा मोजलेला. उद्या काही पडझड झाली तर ते माप कामाला येईल. आमच्या किल्ल्यांचंही असं व्हावं असं फार वाटतं, दर पावसाळ्यात कुठे ना कुठे बुरुज ढासळल्याच्या बातम्या येतात.

आमचं आम्ही घरी बघायचं असेल तर कुठून सुरुवात करू?

गूगल आर्ट्स अँड कल्चरवर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या बऱ्याच वस्तू आहेत, तिथून सुरुवात करा. अभिलेख पटल हे राष्ट्रीय अभिलेखागाराचं पोर्टल आहे, जुनी कागदपत्रं बघायची सवय लागली की वेळ कसा जातो कळत नाही. महाराष्ट्राची जुनी जिल्हा गॅझेटियर ऑनलाइन आहेत, आपल्या तालुक्याचं पान काढून बघा, गावचा बाजार कुठल्या वारी भरायचा इथपर्यंत लिहिलेलं सापडतं.

आणि एक माझं लाडकं. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला. १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीच्या नादात वाघोरा नदीच्या त्या वळणावर पोचला आणि दहा नंबरच्या लेण्यात चित्रावरच आपलं नाव आणि तारीख खरवडून आला, २८ एप्रिल. (ते नाव आज डोक्याच्या वर दिसतं कारण तेव्हा लेण्यात माती-दगडांचा ढीग होता आणि साहेब त्यावर उभा होता. आज असं केलं तर कायद्याने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, हे किल्ल्यावर बदाम कोरणाऱ्यांनी वाचावं.) पुढे रॉबर्ट गिल या चित्रकाराने कित्येक वर्षं तिथे राहून चित्रांच्या नकला केल्या, त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूलचे ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी तेरा वर्षं परत तेच काम करत बसले, आणि १८८५ मध्ये त्यातल्याही बऱ्याच लंडनमध्येच आगीत गेल्या. काय नशीब बघा. वाचल्या त्या तिथल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडे आहेत, त्यांच्या साइटवर शोधून बघता येतात. भिंतीवरचं चित्र त्यानंतर आणखी झिजलंय, त्यामुळे काही ठिकाणी नकलेत जे दिसतं ते आता मूळ चित्रात दिसत नाही. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघणं हे फक्त स्क्रीनवरच शक्य आहे.

त्याच म्युझियममधली वाघनखं दाखवा.

ती सध्या ऑनलाइन कशाला, जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी आपल्याकडे आणलीत, आधी साताऱ्याच्या संग्रहालयात ठेवली होती. अफजलखानाच्या वेळची तीच का, यावर खुद्द त्या म्युझियमनेच खात्री देता येत नाही असं म्हटलेलं आहे. साताऱ्याचा इंग्रज रेसिडेंट ग्रँट डफ, त्याच्याकडून तिकडे गेली एवढा धागा आहे. यावर चॅटमध्ये भांडायचं नाही, पुढचा प्रश्न बघा.

चॅटमध्ये भांडण झालं तर?

म्यूट. जात, पक्ष, कुणाच्या पूर्वजांनी काय केलं, हे सुरू झालं की पहिली वॉर्निंग आणि मग बाहेर. पुराव्यावर वाद घाला, तासभर घाला, आम्हाला आवडतं.

मुलांना चालेल का?

चौथीच्या पुढची मुलं टिकतात, त्याखालची अर्ध्या तासात सोफ्यावरून उड्या मारतात. पण प्रश्न मुलंच चांगले विचारतात. रायगडाच्या टूरला एका नऊ वर्षांच्या मुलीने विचारलं, हत्ती वर कसे नेले? आता गंमत अशी की १६७४ मध्ये राज्याभिषेकाला आलेला ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन, त्याने दरवाजाशी हत्ती बघून हेच लिहून ठेवलंय, की एवढ्या अवघड वाटेने हे वर आणले तरी कसे. साडेतीनशे वर्षांनी ठाण्यातल्या चौथीतल्या मुलीला तोच प्रश्न पडला. पिल्लं असतानाच वर नेली असं गडावर सांगतात.

फी किती?

फुकट. ज्या वेळेला गावातला एखादा जाणकार माणूस किंवा गाइड बोलायला बोलावतो तेव्हा त्यांच्या मानधनासाठी डबा फिरवतो, म्हणजे यूपीआय नंबर टाकतो, शंभर-पन्नास जे जमेल ते. बंधन नाही.

रेकॉर्डिंग मिळेल का?

आठवडाभर लिंक चालू असते, मग काढून टाकतो. कारण लोक गप्पांमध्ये घरच्या गोष्टी बोलतात, त्या कायम नेटवर राहू नयेत.

युनेस्कोच्या यादीतले बाराही किल्ले करणार का?

चालू आहे. जुलै २०२५ मध्ये यादी झाली तेव्हापासून ग्रुपमध्ये रोज हाच प्रश्न. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, रायगड, राजगड, प्रतापगड, पन्हाळा, विजयदुर्ग झाले. सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्गाचं शूटिंग झालंय, एडिटिंग राहिलंय. जिंजी राहिलाय, तो तामिळनाडूत, तीन डोंगरांवर पसरलेला, राजाराम महाराज मुघलांच्या वेढ्यात तिथे कित्येक वर्षं राहिले, त्याला एक रविवार पुरणार नाही, तीन लागतील. तमिळ येणारं कुणी असेल तर कळवा, तिकडच्या पाट्या वाचायच्यात.

मग पुढची टूर कुठली?

खांदेरी. अलिबागजवळ थळच्या समोरचं बेट, १६७९ मध्ये महाराजांनी तिथे बांधकाम काढलं तेव्हा मुंबईचे इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी दोघंही आडवे आले होते. दीपगृह आहे, वेताळाचं देऊळ आहे, आणि एक दगड आहे ज्यावर छोट्या दगडाने ठोकलं की धातूच्या भांड्यासारखा टणटण आवाज येतो. तो आवाज आम्ही वारा पडल्यावर तीन वेळा रेकॉर्ड करून आणलाय. हेडफोन लावून बसा, आणि कुकर आधी उतरवून या.